ट्रॉलीतल्या खोलीसाठी चार्जर निवडताना

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचा केळीचा मळा आहे. तिथे बारा वर्षे केळीचे घड वाहून जुनी झालेली ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या फळ्या काढल्या, खालचा लोखंडी सांगाडा आणि चाके तेवढी ठेवली, वर चौकोनी पाइपांची चौकट उभी केली, बाहेरून पत्रा आणि आतून थर्माकोल घालून प्लायवूड ठोकले आणि दोघातिघांना राहता येईल अशी खोली तयार केली. लाईट रात्रीची असते त्या आठवड्यांत ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला मळ्यात मुक्काम करावा लागतो. शिवाय मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात दादा आपली घोडी घेऊन जातात, तेव्हा तापीकाठी आठ-दहा दिवस याच खोलीत राहणे होते. खोलीच्या सुतारकामाविषयी आणि रंगकामाविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ज्या वस्तूने मला सर्वाधिक विचार करायला लावला आणि जिच्या चुकीच्या निवडीमुळे एक चांगली बॅटरी हातची गेली, ती म्हणजे लाईटवर चालणारा बॅटरी चार्जर. बाजारात तो ‘किती ॲम्पिअरचा’ एवढ्या एकाच आकड्यावर विकला जातो. आपल्या खानदेशात तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे अनुभवाने ठाम मत झाले आहे.

आधी एका रास्त प्रश्नाचे उत्तर देतो. ज्या भागात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तिथे ऊन सोडून लाईटच्या मागे का लागावे, असे मला अनेकांनी विचारले. ट्रॉलीच्या छतावर पॅनेल लावायचे माझ्याही मनात आहे आणि ते यथावकाश लागेल. परंतु वैशाख-ज्येष्ठात आपण खोली उन्हात उभी करत नाही, कडुलिंबाच्या गर्द सावलीत उभी करतो, कारण उन्हात पत्र्याची खोली राहण्याजोगी राहत नाही. जिथे माणसाला सावली लागते तिथे पॅनेलला ऊन मिळत नाही. श्रावण-भाद्रपदात आभाळ दिवसच्या दिवस उघडत नाही. म्हणून लाईटवरचा चार्जर हा पाया आणि सौर पॅनेल ही त्यावरची भर, असा क्रम मी ठरवला.

चार्जर निवडण्याआधी रोजचा खर्च मांडावा लागतो. आमच्या खोलीत पाच वॉटचे चार एलईडी दिवे आहेत, ते सरासरी पाच तास जळतात. म्हणजे १०० वॉट-तास. बारा व्होल्टवर चालणारे पंचवीस वॉटचे दोन पंखे नऊ तास फिरले की ४५० होतात. औषधे, दूध आणि पाणी ठेवण्याच्या छोट्या डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणाऱ्या फ्रिजचे चोवीस तासांचे सुमारे ४८० होतात. पाण्याची छोटी मोटर आणि मोबाईल धरून ७०. एकूण ११०० वॉट-तास, म्हणजे १२.५ व्होल्टने भागले असता दिवसाला सुमारे ८८ ॲम्पिअर-तास. यासाठी १५० ॲम्पिअर-तासांची एक उभी ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची शिसे-आम्लाची बॅटरी घेतली. दिवसाअखेर ती चाळीस टक्क्यांपर्यंत उतरते, जे रोजच्यासाठी थोडे जास्तच आहे. परंतु सलग बिनलाईटीचा दिवस क्वचितच येतो, त्यामुळे ते चालवून घेतले.

आता ती चूक. बॅटरी आली तेव्हा चार्जरवर वेगळा खर्च कशाला, म्हणून गॅरेजमध्ये असतो तसा ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी पेटीतला चार्जर आणला. त्याला पुढे एक ॲम्पिअरचा काटा आणि कमी-जास्त करायची पाच ठोक्यांची कळ, बाकी काही नाही. संध्याकाळी पाच वाजता आसपासच्या सगळ्या मोटारी चालू होत्या आणि मीटरवर जेमतेम १९० व्होल्ट दिसत होते. काटा हलेना म्हणून मी कळ शेवटच्या ठोक्यावर नेली, तेव्हा १२ ॲम्पिअर दिसू लागले. थोड्या वेळाने लाईट गेली. मी घरी गेलो, कळ तशीच राहिली. रात्री दोन वाजता लाईट आली आणि त्या वेळी बहुतेक मोटारी बंद होत्या. सकाळी मळ्यात गेलो तर आमचे वायरमन आप्पा दारातच उभे होते. म्हणाले, “भाऊ, रातले लाईट उनी,” आणि त्यांनी बोट नाकाशी नेले. खोलीत सडक्या अंड्यासारखा वास भरला होता. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. झाकणावर आम्लाचे बारीक थेंब साचले होते, बाजूची भिंत मधोमध फुगली होती, आणि टोपणे काढून बघितले तेव्हा दोन खणांत (सेलमध्ये) पाणी प्लेटांच्या खाली गेलेले दिसले. मीटरवर त्या वेळी लाईट २५२ व्होल्ट होती आणि बॅटरीच्या टोकांवर १६.१ व्होल्ट. डिस्टिल्ड वॉटर भरून ती महिनाभर जगवण्याचा प्रयत्न केला, परंतु तिसऱ्या खणाची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची पाण्याच्या तुलनेतली घनता, ११५० च्या वर कधी चढली नाही. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती १२४० च्या आसपास असावी लागते.

यात चार्जर बिघडला नव्हता, हे नीट समजून घेतले पाहिजे. साध्या ट्रान्सफॉर्मरचे काम गुणोत्तराचे असते. आत जेवढे व्होल्ट, त्याच्या ठरलेल्या प्रमाणात बाहेर. १९० वर बेताचे ठरलेले व्होल्ट २५२ वर तिसऱ्या हिश्श्याने वाढतात आणि बॅटरीच्या दृष्टीने तो फरक पोषण आणि उकळणे यांच्यातला असतो. शहरात, जिथे लाईट २३० च्या आगेमागे दहा-पंधरा व्होल्टच हलते आणि माणूस समोर बसलेला असतो, तिथे ही पेटी वर्षानुवर्षे चालते. शेताच्या डीपीवर (रोहित्रावर) मात्र ती चालत नाही. आमच्या मळ्यातल्या घराला घरगुती मीटर वेगळा आहे, पण डीपी शेतीचीच आहे. त्यामुळे लाईट शेतीच्या वेळापत्रकाने येते, एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री, साधारण आठ तास, आणि त्या आठ तासांतही १७५ ते २५५ यांच्यामध्ये कुठेही असते. म्हणून चार्जरच्या पत्रकावर मी पहिली ओळ पाहिली ती आत किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो याची. एसएमपीएस पद्धतीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्जर आतली लाईट आधी डीसी करून मग हवे तेवढे व्होल्ट तयार करतात, त्यामुळे आतल्या चढउताराचा बाहेर परिणाम होत नाही. तरीही त्यांच्यातही फरक असतो. काही १८० ते २६५ चालतात, काही ९० ते २६५. आपल्याकडे दुसरा प्रकारच घ्यावा, कारण यात्रेतल्या तात्पुरत्या लाईनवर १६५ व्होल्ट मी स्वतः मोजले आहेत.

दुसरी ओळ पाहिली ती टप्प्यांची. ‘ऑटो कट’ लिहिलेले स्वस्त चार्जर १४.४ व्होल्ट झाले की बंद होतात आणि तेराच्या आसपास उतरले की पुन्हा सुरू होतात. ऐकायला ते सुरक्षित वाटते. परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीत चालू विजेवर १४.४ व्होल्ट दिसू लागतात तेव्हा ती साधारण ऐंशी टक्केच भरलेली असते; उरलेले वीस टक्के भरायला ते व्होल्ट तसेच धरून ठेवून ॲम्पिअर हळूहळू उतरू द्यावे लागतात आणि त्याला तीन-चार तास लागतात. हे वीस टक्के रोज राहून गेले तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि दीडशेची बॅटरी दोन वर्षांत शंभरची होते. म्हणून बल्क, ॲब्सॉर्प्शन आणि फ्लोट असे तिन्ही टप्पे असलेला चार्जर हवा. पहिल्यात पूर्ण ॲम्पिअर, दुसऱ्यात धरून ठेवलेले व्होल्ट, तिसऱ्यात १३.५ ते १३.८ च्या दरम्यान नुसते सांभाळणे. आणि हे आकडे आपल्याला बदलता यायला हवेत. आमच्या नव्या बॅटरीच्या कागदावर १४.४ आणि १३.६ लिहिले आहे, चार्जरवर मी तेच घातले.

शेतीच्या लाईटवर या टप्प्यांचा आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो शहरातल्या माणसाला कधी पडत नाही. लाईट रात्रीतून पाच वेळा गेली आणि आली तर चार्जर काय करतो? एका प्रकारात लाईट आली की चार्जर वाट पाहत बसतो. बटण दाबून बॅटरीचा प्रकार पुन्हा निवडल्याशिवाय सुरूच होत नाही. तो आपल्या उपयोगाचा नाही. दुसऱ्या प्रकारात तो आपोआप सुरू होतो, पण प्रत्येक वेळी ॲब्सॉर्प्शनचे पूर्ण चार तास नव्याने मोजायला लागतो, मग बॅटरी आधीच भरलेली असली तरी. पाच वेळा लाईट गेली की बॅटरी रात्रभर १४.४ वर उकळत राहते आणि पाणी घटते. तिसरा प्रकार पहिल्या टप्प्याला किती वेळ लागला ते पाहून दुसऱ्याची लांबी ठरवतो. पहिला टप्पा पाच मिनिटांत संपला तर दुसराही थोडक्यात आटोपतो. मी हाच घेतला. दुकानदाराला यातले सांगता येत नसेल तर माहितीपुस्तिका मागून घ्यावी आणि दुकानातच वाचावी, त्यात संकोच करू नये.

आता मुख्य गोष्ट, उन्हाळा. भुसावळ आणि जळगाव मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातात हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. ट्रॉलीच्या पोटाखालच्या पत्र्याच्या पेटीत मी दुपारी तीन वाजता थर्मामीटर ठेवून पाहिला तेव्हा ४७ अंश भरले. आपल्याकडे बॅटरीची क्षमता आणि ग्रॅव्हिटी २७ अंशांना धरून सांगितलेली असते. बॅटरी तापली की तिच्या आतली क्रिया जलद होते, म्हणून तिला कमी व्होल्ट पुरतात. तेच व्होल्ट तसेच दिले तर जास्तीचा प्रवाह पाण्याचे वायू करण्यात जातो. साधारण हिशेब असा की दर खणाला दर अंशामागे ४ मिलिव्होल्ट कमी करायचे. सहा खणांचे २४ मिलिव्होल्ट झाले. ४७ वजा २७ म्हणजे २० अंश, त्याला २४ ने गुणले की ४८० मिलिव्होल्ट, जवळजवळ अर्धा व्होल्ट. म्हणजे कागदावर १४.४ लिहिलेल्या बॅटरीला मेच्या दुपारी १३.९ च द्यायला हवेत आणि फ्लोटला १३.६ ऐवजी १३.१. उलट पौषात पहाटे पारा दहावर येतो तेव्हा १४.८ दिल्याशिवाय ती पूर्ण भरत नाही. एका बॅटरीच्या दोन ऋतूंत नऊशे मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि बाजारातले बहुसंख्य चार्जर बारा महिने एकच आकडा देत राहतात. दर दहा अंशांमागे शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. उष्णता आपण टाळू शकत नाही, पण तिच्यावर चुकीच्या व्होल्टचा भार तरी घालू नये.

म्हणून तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर हवा, आणि तो सेन्सर चार्जरच्या पेटीत नव्हे तर बॅटरीवर बसणारा हवा. काही चार्जर आपल्या आतले तापमान मोजून व्होल्ट बदलतात. चार्जर स्वतः काम करून तापलेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात ते बॅटरी अर्धवट ठेवतात. वायरने जोडलेला सेन्सर बॅटरीच्या ऋण टोकावर लगखाली (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) आवळायचा असतो. आमच्याकडे तो पहिल्यांदा मी पेटीच्या पत्र्याला चिकटवला होता. पत्रा बॅटरीपेक्षा आधी तापतो आणि आधी निवतो, त्यामुळे आकडे दिवसभर नाचत होते. टोकावर बसवल्यावर ते स्थिरावले, कारण पन्नास-साठ किलोची बॅटरी तापायला आणि निवायला कित्येक तास घेते.

याच कारणासाठी मी पाणी न घालण्याची सीलबंद बॅटरी घेतली नाही. उघड्या टोपणांच्या बॅटरीत उन्हाळ्याने पाणी घटले तर ते भरता येते. सीलबंदमध्ये गेले ते गेले. त्यात ती तापलेली असताना जास्त व्होल्ट मिळाले तर जास्त प्रवाह, जास्त प्रवाहाने आणखी ताप, असे चक्र सुरू होते.

लिथियमचा विचार मी पुष्कळ केला. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा किलोची असते, शेवटचे वीस टक्के भरायला ती तासन्‌तास घेत नाही आणि तिला वायू सुटण्याचा प्रश्न नसतो. तिच्यासाठी चार्जरचे नियम मात्र वेगळे आहेत. वरची मर्यादा १४.२ ते १४.६, तापमानानुसार व्होल्ट बदलायचे नाहीत, आणि सल्फेट काढण्यासाठी काही चार्जर पंधरा-सोळा व्होल्टचे झटके देतात ते तिच्यावर अजिबात चालायचे नाहीत. आपल्याकडे तिच्या बाबतीत थंडीची काळजी नाही, काळजी आहे ती उन्हाचीच. अनेक बॅटऱ्यांच्या पत्रकात ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये असे लिहिलेले असते, आणि आमची पेटी त्याच्याही वर जाते. त्यामुळे पेटी आधी थंड करायची आणि मग लिथियमकडे वळायचे असे ठरवले. चार्जर मात्र लिथियमची सोय असलेलाच घेतला, म्हणजे बॅटरी बदलली तरी तो राहील.

एवढे सगळे पाहून झाल्यावर ॲम्पिअरचा आकडा काढला, आणि तो कागदावर पाच मिनिटांत निघाला. लाईट आठ तास. त्यांतले शेवटचे चार तास ॲब्सॉर्प्शनला लागणार, ते चार्जर कितीही मोठा घेतला तरी वाचत नाहीत. उरले चार तास. तेवढ्यात दीडशेची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायची म्हणजे ६० ॲम्पिअर-तास, त्यात वाया जाणारे धरून ६७. चारने भागले की १७ ॲम्पिअर. त्याच वेळी पंखे आणि फ्रिज चालू असतात, त्यांचे सरासरी ४ धरावे लागतात. झाले २१. मग पंचवीसचा का नको? कारण उष्णता पुन्हा आडवी येते. माझ्या चार्जरच्या पत्रकात पूर्ण ॲम्पिअर ४० अंशांपर्यंतच मिळतील आणि त्यापुढे दर अंशाला ३ टक्के घटतील असे लिहिले आहे. ४८ अंशांना २४ टक्के गेले तर तीसच्या चार्जरचे तेवीसच उरतात. म्हणून तीसचा घेतला. शिसे-आम्लाच्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा ते वीस टक्के ॲम्पिअर द्यावेत असा सर्वसाधारण नियम आहे. दीडशेचे वीस टक्के म्हणजे तीसच, त्यामुळे वरच्या बाजूनेही तो बसतो. ज्यांची खोली शहरात घराशेजारी उभी असते आणि लाईट चोवीस तास असते, त्यांना याच बॅटरीसाठी पंधराचा चार्जर पुरेल आणि बॅटरीलाही तो अधिक मानवेल.

वर ‘पंखे आणि फ्रिज चालू असतात’ असे लिहिले, त्यातही एक बारकावा आहे. काही चार्जर बॅटरी भरली की नाही हे उतरत्या ॲम्पिअरवरून ओळखतात; प्रवाह दोन-तीन ॲम्पिअरच्या खाली गेला की फ्लोटवर जायचे, असा त्यांचा नियम. परंतु खोलीत चार ॲम्पिअर सतत खर्च होत असतील तर चार्जरला ते बॅटरीतच जात आहेत असे वाटते आणि तो १४.४ वरून खाली उतरतच नाही. घरी पडून राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीसाठी बनवलेला चार्जर राहत्या खोलीत लावला की हा प्रकार घडतो. म्हणून वेळेची मर्यादाही असलेला चार्जर पाहावा.

घरचा इन्व्हर्टरच उचलून ट्रॉलीत ठेवा, हा सल्ला मला सर्वांत जास्त वेळा मिळाला. ज्यांना मिक्सर किंवा टीव्ही लावायचा आहे त्यांच्यासाठी तो योग्य आहे. आमच्या खोलीत २३० व्होल्टवर चालणारे काहीच नाही. शिवाय घरचा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवून क्लॅम्प मीटरने मोजला तेव्हा १.२ ॲम्पिअर घेत होता. चोवीस तासांचे २९ ॲम्पिअर-तास झाले, आमच्या सगळ्या खर्चाच्या एकतृतीयांश. तो विचार तिथेच सोडला.

चार्जर चांगला घेऊन वायर हलकी लावली तर सगळे व्यर्थ जाते, हेही मी करून पाहिले आहे. घरात मोटरची ४ चौरस मिलिमीटरची वायर पडून होती, ती चार्जरपासून बॅटरीपर्यंत साडेतीन मीटर टाकली. जाऊन-येऊन सात मीटर झाले. तांब्याच्या रोधाने हिशेब केला तर तीस ॲम्पिअरला त्यात ०.९ व्होल्ट पडतात. चार्जरला १४.४ दिसत होते तेव्हा बॅटरीवर १३.५ मोजले गेले, आणि वायर बोटांनी धरवत नव्हती. चार्जर आपल्या समजुतीने दुसऱ्या टप्प्यात गेला होता, बॅटरीचा मात्र पहिलाही पूर्ण झाला नव्हता. मग चार्जर जवळ आणून अंतर दीड मीटर केले आणि १६ चौरस मिलिमीटरची वेल्डिंगची लवचिक केबल, दाबून बसवलेल्या तांब्याच्या लगांसह लावली. आता पूर्ण प्रवाहाला एक दशांश व्होल्ट पडतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ४० ॲम्पिअरचा फ्यूज आहे. तो चार्जरकडे नव्हे, बॅटरीकडेच असावा, कारण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लावण्याइतका प्रवाह बॅटरी देते.

अंतर कमी करायचे म्हणून चार्जर बॅटरीच्याच पेटीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, आणि आम्लाची वाफ चार्जरच्या आतल्या पट्ट्या खाते. आमची बॅटरी आता खोलीच्या बाहेर, सांगाड्याखालच्या पेटीत आहे. पेटीला वरच्या कोपऱ्यात आणि खाली अशी दोन जाळीची भोके आहेत, आत खोलीकडे एकही नाही. चार्जर प्लायवूडच्या अलीकडे, दाराजवळ, हवेच्या झोतात उभा बसवला आहे. त्याच्या पंख्याचा रात्री आवाज येतो. झोपताना त्याला कमी आवाजाच्या सोयीवर ठेवता येते, परंतु मग ॲम्पिअर निम्मे होतात आणि रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात ते परवडत नाही. घरच्यांनी आवाजाची सवय करून घेतली.

लाईटच्या बाजूला विजेचा भार फार नाही. तीस ॲम्पिअरला १४.४ ने गुणले की ४३२ वॉट, चार्जरमधली घट धरून ५०० च्या पुढे. साधी सहा ॲम्पिअरची पिन त्याला पुरते. पण सुरक्षिततेत काटकसर नको, कारण ही लोखंडी खोली रबरी चाकांवर उभी असते आणि तिच्या पत्र्यात लाईट उतरली तर जमिनीवर पाय ठेवून दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ती जाते. बाहेर झाकणाचा निळा तीन पिनांचा इनलेट, आत लगेच ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईट तोडणारा स्विच), मग एमसीबी (भार वाढला किंवा शॉर्ट झाले की तोडणारा स्विच), आणि सांगाड्याला बोल्टने आवळलेली अर्थिंगची तार, एवढे केलेच पाहिजे. आमच्याकडे पंपावर तीन फेज असतात आणि न्यूट्रल नसतो, म्हणून काही जण एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई यांवर दिवा लावतात. खोली कधीही अशी जोडू नये. सळईचा जमिनीशी संपर्क उन्हाळ्यात माती वाळल्यावर राहत नाही आणि त्या सळईला जोडलेले सर्व लोखंड जिवंत होते. अशा जोडणीत परतीचा प्रवाह आरसीसीबीला वगळून जमिनीत गेला की ती टिकत नाही. ती पडते, म्हणून लोक तीच काढून टाकतात. आप्पांनी मला एक गोष्ट आग्रहाने लावायला लावली, ती म्हणजे १७० च्या खाली आणि २६० च्या वर लाईट तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर घरच्या दोन तारांमध्ये चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात, आणि २६५ पर्यंत सहन करणारा चार्जरही तिथे वाचत नाही. यात्रेतल्या कमी व्होल्टसाठी मी त्याची खालची मर्यादा १५० वर आणतो.

सारंगखेड्याला गेल्या खेपेस या सगळ्याची परीक्षा झाली. संध्याकाळी सहानंतर रांगेतल्या प्रत्येक राहुटीत दिवे आणि हीटर लागले की मीटर १६५ वर येई. शेजारच्या राहुटीतले गृहस्थ नंदुरबारकडचे होते, त्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मरचा चार्जर होता आणि त्याचा काटा शून्याला चिकटलेला होता. आमचा तीस देत होता. त्यांनी विचारले, “दादा, तुमची लाईन वेगळी आहे का?” लाईन एकच होती. दोन रात्री त्यांची बॅटरी आमच्या चार्जरवर लावून दिली. तीही ट्युब्युलर असल्यामुळे आकडे बदलावे लागले नाहीत.

आता पावसाळ्यात खोली चार महिने गावातल्या खळ्यात उभी असते, तिथे लाईट बरीच असते. अशा वेळी चार्जर काढून ठेवावा की जोडलेला, याबद्दल मतभेद आहेत. मी जोडलेला ठेवतो, परंतु १३.६ च्या फ्लोटवर नाही; माझ्या चार्जरमध्ये साठवणीचा चौथा टप्पा आहे, तो १३.२ वर धरतो आणि आठवड्यातून एकदा थोडा वेळ वर नेऊन पुन्हा खाली येतो. ज्यांच्या चार्जरमध्ये हे नाही त्यांनी महिन्यातून एक दिवस जोडून बाकीचे दिवस काढून ठेवलेले बरे. दर पौर्णिमेला मी टोपणे काढून सहा खणांची ग्रॅव्हिटी आणि पाण्याची पातळी पाहतो आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो. या वर्षी चैत्र ते ज्येष्ठ मिळून पाऊण लिटर डिस्टिल्ड वॉटर लागले, आणि सहाही खण १२३५ च्या वर आहेत.